शकुंतला नावाचं अंतराळयान

अमरावती, आज

टेबलावर खोका उघडा आहे. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींना लटकलेले बारीकसारीक भाग आणि घडी घातलेली सूचनापुस्तिका. झाकणावर मालवाहू अंतराळयानाचं चित्र, प्रमाण 1/144. पुस्तिकेप्रमाणे जोडत गेलात तर काही रात्रींत यान तयार होईल, पण ते याच खोक्यातून निघालेल्या जगभरातल्या इतर यानांसारखंच असेल. तुम्हाला तसं नको आहे. म्हणून शेजारी आणखी सामान मांडलंय: रणगाड्याचं एक किट, अर्धवट सोडलेलं लढाऊ विमान, बंद पडलेल्या प्रिंटरच्या पोटातली दातेरी चाकं, वाळलेल्या बॉलपेनांच्या नळ्या. एका किटचे भाग कापून, फिरवून, दुसऱ्यावर चढवायचे आणि आजवर कुणी न पाहिलेलं यान उभं करायचं. या कामाला किटबॅशिंग म्हणतात.

तुम्ही रणगाड्याचं एक चाक उचलून यानाच्या पाठीवर धरता. बरं दिसतं. विमानाचं इंजिन धरता. तेही बरं दिसतं. अडचण इथेच सुरू होते. सगळंच बरं दिसत असेल तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कसं ठरवणार? डिंकाची बाटली बंद ठेवा. आधी एका गाडीत बसायचं आहे. तिचे रूळ दोन फूट सहा इंचांचे आहेत, आणि आज ती भूतकाळाकडे निघाली आहे.

मूर्तिजापूर, 1923

कोळशाचा धूर आधी नाकात शिरतो, मग डोळ्यांत. लोको शेडच्या दारात झेड डी वर्गाचं वाफेचं इंजिन उभं आहे. 1921 साली मँचेस्टरला बांधलेलं हे इंजिन याच वर्षी इथे कामाला लागलंय. एका अंगाला यवतमाळ, 113 किलोमीटर. दुसऱ्या अंगाला अचलपूर, 76 किलोमीटर. मार्ग किलिक निक्सन या पेढीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. फलाटावर कापसाच्या गठाणी रचल्यात. इथून त्या मोठ्या लाइनीवर चढतील, मुंबई गाठतील आणि जहाजाने परदेशी गिरण्यांकडे जातील. वऱ्हाडातला कापूस बंदराकडे नेण्यासाठीच हा रूळ अंथरला गेलाय.

तुम्ही इंजिनाभोवती फिरता. नळ्या, झडपा, दांडे, पायऱ्या. तेलाने माखलेल्या धोतरातला एक मिस्त्री तुमच्याकडे बघतो.

"काय पाहून राह्यला भाऊ?"

तुम्ही एका नळीकडे बोट दाखवता. तो तिच्यावर बोट ठेवून चालू लागतो आणि तुम्हाला मागे यायला लावतो. "हे पाण्याची. टाकीतून निंगाली, इंजेक्टरात गेली, तिथून बॉयलरात. अन् थे तिकडची वाळूची. चाक घसरलं का रुळावर वाळू सोडा लागते." मग तो थांबतो. "इंजनावर एकबी पुर्जा बिनकामाचा नाही. अन् कामाचा पुर्जा कुठूनतरी येते, कुठंतरी जाते. थे पाय पयले."

त्याच्या नजरेने पुन्हा बघा. बॉयलरची पाठ बरीचशी मोकळी आहे, कारण तिथे कुणी हात घालत नाही. सगळी गर्दी ड्रायव्हर उभा राहतो तिथे आहे. प्रत्येक झडप हाताच्या टप्प्यात आहे. जी टप्प्यात नाही, तिच्याखाली पाय ठेवायला पायरी आहे. नळी जिथे वळते तिथे सांधा आहे, आणि लांब गेली की तिला धरून ठेवणारा पट्टा आहे. यंत्राची रचना अशी वाचता येते. किटबॅशिंगचं पहिलं शिक्षण हेच, आणि ते देणारी यंत्रं आपल्या मुलखात शंभर वर्षं उभी होती.

स्लाऊ, 1965

लंडनच्या पश्चिमेला स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या स्टुडिओत तुम्ही उतरता. इथे 'थंडरबर्ड्स' ही बाहुल्यांची मालिका घडते आहे. 30 सप्टेंबरला ती इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर सुरू होईल. स्पेशल इफेक्ट्सचा प्रमुख डेरेक मेडिंग्ज. दर भागाला नवी वाहनं, नव्या इमारती, नवे स्फोट हवेत, आणि वेळ थोडा. म्हणून दुकानातली प्लास्टिकची किटं आणली जातात, त्यांचे भाग कापून वाहनांवर चिकटवले जातात. घरातल्या वस्तूही सुटत नाहीत. थंडरबर्ड 1 या रॉकेटविमानाच्या तळाची भिंत नीट बघा: तिथे प्लास्टिकचा लिंबू पिळायचा साचा बसवलाय. भिंतीवर तो कुठल्याशा हवेच्या झरोक्यासारखा शोभतो. आपण काय लावलं यापेक्षा कुठे लावलं हे पाहणाऱ्याला पटतं, हे या माणसांना कळलं आहे.

दुसरी गोष्टही इथलीच. नवं कोरं रंगवलेलं मॉडेल कॅमेऱ्यात खेळणं वाटतं. म्हणून मेडिंग्जची माणसं त्यावर काजळी, तेलाचे ओघळ, खरचटलेले पट्टे रंगवतात. चित्रणही जास्त वेगाने करतात, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ होते आणि हातभर लांबीच्या वाहनाला टनांचं वजन येतं.

या खोलीत ब्रायन जॉन्सन नावाचा तरुण काम करतो आहे. त्याच्यावर लक्ष ठेवा. पुढे एका थांब्यावर त्याचं नाव पुन्हा येणार आहे.

बोरहॅमवूड, 1966

एमजीएमच्या इंग्लंडमधल्या स्टुडिओत स्टॅन्ली कुब्रिक '2001: अ स्पेस ओडिसी' घडवतो आहे. तुमच्यासमोर 'डिस्कव्हरी' यानाचं मोठं मॉडेल पसरलंय, लांबी 54 फूट. म्हणजे अमरावतीतल्या एखाद्या घराच्या अंगणात ते मावणार नाही. यानाच्या लांबलचक कण्यावर वाकून पाहा. शेकडो किटांतले भाग तिथे बसवलेत, पण एकही भाग आपली मूळ ओळख सांगत नाही. चाक असेल तर ते उलटं बसवलंय, अर्धं कापलंय किंवा दुसऱ्या भागाखाली निम्मं झाकलंय.

डोळा आकार कसा मोजतो, हे इथे कळतं. पाहणारा सगळ्यात बारीक तपशील शोधतो आणि त्यावरून संपूर्ण वस्तूचा अंदाज बांधतो. तपशील जितका बारीक, तितकं यान मोठं. पण तपशील सगळीकडे सारखा पसरला तर डोळ्याला टेकायला जागा उरत नाही आणि यान पुन्हा लहान होतं. म्हणून 'डिस्कव्हरी'चं पुढचं गोल डोकं बरंचसं गुळगुळीत आहे आणि कण्यावर दाटी आहे. मूर्तिजापूरच्या बॉयलरची मोकळी पाठ आठवा. तोच न्याय इथेही आहे.

चित्रपट 1968 साली झळकला. नंतर यातली बहुतेक मॉडेलं नष्ट झाली. चंद्रावर उतरणाऱ्या 'एरीज' यानाचं मॉडेल मात्र 2015 मध्ये लिलावात आलं आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीने ते विकत घेतलं.

मुंबई, 1974

इथे प्लास्टिक नाही, कागद आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली आहे. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळतं आणि मग कळतं की हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. परीक्षकांनी कथा वाचावी, लेखकाची कीर्ती नाही, हा त्यामागचा हेतू. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले तोवर मराठीत विज्ञानकथेची मोठी वाट मळली होती.

हा थांबा गाळू नका. यान कुणाचं, कुठे जातं, काय वाहतं, त्यात किती माणसं राहतात, हे ठरल्याशिवाय मिस्त्रीच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. नळी कुठून कुठे जाते हे सांगायला आधी टाकीत काय आहे ते माहीत हवं. आणि अंतराळाची कथा मराठीत रचता येते, तर यानाच्या अंगावरचं नाव देवनागरीत असायला काय हरकत आहे?

व्हॅन नाईस, 1976

लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातली एक वखार, बाहेर कडक ऊन. मागच्या वर्षी इथे इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही कंपनी सुरू झाली. काम एकच: जॉर्ज लुकासच्या 'स्टार वॉर्स'ची दृश्यं. जॉन डायक्स्ट्राच्या हाताखाली ग्रँट मॅकून मॉडेलांचं खातं सांभाळतो, जो जॉन्स्टन आराखडे काढतो. भिंतीला लागून किटांचे ढीग आहेत: रणगाडे, रेसिंग कार, युद्धनौका, विमानं. मॉडेलकार एखादा भाग उचलतो, बोटांत फिरवतो, यानावर धरतो, नाकारतो, पुन्हा फिरवतो. या बारीक तुकड्यांना ते ग्रीब्ली म्हणतात.

कोपऱ्यातलं लांबुळकं यान बघा. हे आधी नायकाचं जहाज होणार होतं. पण 'स्पेस: 1999' या इंग्लिश मालिकेतल्या 'ईगल' यानाशी ते फार मिळतंजुळतं निघालं. 'ईगल'चा कर्ता तोच ब्रायन जॉन्सन. मग या यानाला बंडखोरांच्या जहाजाची भूमिका मिळाली आणि नायकासाठी गोल, चपटा 'मिलेनियम फाल्कन' नव्याने घडला. केलेलं काम फेकायचं नाही, त्याला दुसरी जागा शोधायची, ही या धंद्याची शिस्त आहे.

आता त्या त्रिकोणी 'स्टार डिस्ट्रॉयर'पुढे उभे राहा. चित्रपटाच्या सुरुवातीला डोक्यावरून संपता संपत नाही असं हे जहाज जेमतेम तीन फुटांचं आहे. ज्या बंडखोर जहाजाचा ते पाठलाग करतं, त्याचं मॉडेल याहून मोठं आहे. पडद्यावर उलटं दिसतं ते कॅमेऱ्यामुळे आणि त्या बारीक तुकड्यांमुळे. 'डेथ स्टार' या चित्रपटातल्या महाकाय अंतराळतळाची जमीन तर मोजके नमुने साच्यात ओतून, फिरवून, पुन्हापुन्हा जोडलेली आहे. 25 मे 1977 रोजी चित्रपट लागला आणि पुढच्या वर्षी या चमूला ऑस्कर मिळालं. त्यानंतर जगभरच्या हौशी माणसांनी या यानांवरचा एकेक तुकडा कुठल्या किटमधला, हे शोधून काढायला आयुष्यातली वर्षं दिली.

मूर्तिजापूर, एप्रिल 1994

परत वऱ्हाड. तेच शेड, तेच इंजिन. सत्तर वर्षं झाली. 15 एप्रिलला ते सेवेतून निघतं आणि त्याच्या जागी डिझेल येतं. लोकांनी या गाडीला 'शकुंतला' म्हणून जीव लावला आहे.

इंजिनाच्या अंगावर हात फिरवा. शेजारी बसलेले एक म्हातारे फायरमन तुम्हाला सांगतात, "मळबी उगाच नसते लागत, बाबू. जिथं हात लागते तिथला रंग जाते. जिथं तेल गळते तिथं धूळ बसते."

खरंच तसं आहे. दांडी धरण्याच्या जागी लोखंड उघडं पडून चकाकतंय. पायरीची मधली कड झिजलीय, कोपरे तसेच आहेत. सांध्याखाली तेलाचा काळा ओघळ सरळ खाली उतरलाय. धुराड्याभोवती राख आहे. एका ठिकाणी पत्र्याचं ठिगळ बसवलंय आणि त्याचा रंग बाकीच्या रंगाशी जुळत नाही. स्लाऊमध्ये जे कुंचल्याने केलं गेलं, ते इथे सत्तर वर्षांनी केलंय. मॉडेलवर मळ चढवताना नियम हाच: मळाला कारण हवं आणि दिशा हवी.

लोणार, फार फार पूर्वी

घरी जाण्याआधी बुलढाण्याच्या वाटेने एक वळण. आकाशातून आलेला दगड काळ्या बेसॉल्टवर आदळतो आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा उरतो. बेसॉल्ट खडकात झालेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, आणि चंद्र-मंगळावरचा खडकही पुष्कळसा याच जातीचा. म्हणून ग्रहांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. यानाला उतरायला परकी जमीन हवी असेल तर ती आपल्या वऱ्हाडातच आहे. 1/144 प्रमाणात पूर्ण विवर करायचं तर साडेबारा मीटरची जागा लागेल. त्याच्या काठाचा वीतभर तुकडा मात्र प्लास्टरमध्ये सहज होतो.

अकोला आणि अमरावती, आज

आता डिंकाची बाटली उघडा.

आधी यानाची गोष्ट ठरवा. हे मालवाहू जहाज आहे, आणि ते वऱ्हाडातल्या कापसाच्या गठाणी मंगळावरच्या वस्तीला नेतं. आपल्याकडे कापसाची गठाण 170 किलोची धरतात. म्हणजे जहाजाला मोठं पोट हवं, पोटाला मोठं दार हवं, दाराशी गठाण उचलणारी यारी हवी. रणगाड्याची तोफ आता यारीचा दांडा होते. चाकं दोरखंडाच्या कप्प्या होतात. विमानाचं इंजिन उभं केलं की दाबाची टाकी होते, आणि तिच्यातून निघालेली तांब्याची तार पाण्याची नळी होऊन केबिनपर्यंत जाते. जी नळी कुठेच जात नाही ती काढून टाका.

मग माप धरा. 1/144 मध्ये दोन मीटरचं दार 14 मिलिमीटरचं, मीटरभर उंचीचा कठडा 7 मिलिमीटरचा, शिडीच्या दोन पायऱ्यांतलं अंतर 2 मिलिमीटर. एक दार, एक कठडा आणि एक शिडी या मापात बसली की बाकीचं यान आपोआप मोठं दिसू लागतं.

डिंकाची जात ओळखा. किटचं प्लास्टिक बहुधा पॉलिस्टायरीन असतं. प्लास्टिक सिमेंट ते विरघळवतं, दोन भाग एकजीव होतात. बाटल्यांची बरीच झाकणं पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांना सिमेंट धरत नाही आणि नुसतं सुपरग्लूही टिकत नाही. तिथे बारीक भोक पाडून तार आरपार घाला, मग चिकटवा. फटी एम-सीलने भरा, वाळल्यावर ओल्या पॉलिश पेपरने घासा. खिडकी उघडी ठेवा, कारण सिमेंटची वाफ डोक्यात जाते.

रंगाआधी राखाडी प्रायमरचा एक हात द्या. पाच रंगांचे तुकडे त्याखाली एकाच जहाजाचे होतात आणि राहिलेल्या फटी उघड्या पडतात. आपल्या हवेचं भान मात्र ठेवा. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा भर दुपारी मारलेला स्प्रे पृष्ठभागावर पोचण्याआधीच सुकतो आणि अंग खरखरीत होतं. रंगकाम पहाटे करा. पावसाळ्यात दमट हवेने लॅकरवर पांढुरकी झाक येते, म्हणून उघडिपीचा दिवस पाहा. जोडलेलं मॉडेल पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका, पातळ भाग वाकतात.

मळासाठी बाहेरून पावडर मागवायची गरज नाही. शेतातली काळी माती वाळवून वस्त्रगाळ करा. यानाच्या पायांना, दाराच्या उंबऱ्याला, यारीखाली ती कुंचल्याने बसवा आणि वर मॅट वॉर्निशचा हलका फवारा द्या. काळी माती सुकल्यावर राखाडी होते, तेव्हा रंग सुकल्यावरच पारखा. उड्डाणाचा धूर दाखवायचा असेल तर सरकी काढलेली रुई घ्या, हाताने पिंजून पातळ करा, खालच्या टोकाला राखाडी रंग मारा आणि आत छोटा पिवळा एलईडी ठेवा. जगभरचे मॉडेलकार धुरासाठी कापूस वापरतात, आणि आपण तर कापसाच्याच मुलखात राहतो. शेवटी जहाजाच्या अंगावर देवनागरीत नाव लिहा: शकुंतला.

टोकियोत 1980 च्या दशकात को योकोयामा यांनी अशाच जोडकामातून लढाऊ चिलखतं घडवली. 'हॉबी जपान' मासिकात ती छापून आली आणि नंतर निट्टो कंपनीने त्यांचीच किटं बाजारात आणली. टेबलावरचं जोडकाम असं दुसऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचू शकतं.

म्हणून एक विनंती. पुढचा खोका फोडण्याआधी एक दिवस यंत्रं बघण्यात घालवा. अकोल्याहून शेगावकडे जाताना गाडीच्या खिडकीतून पारसचं वीजकेंद्र दिसतं, त्याच्या नळ्या कुठून कुठे जातात ते वाचा. जवळच्या जिनप्रेसमध्ये मालकाची परवानगी घ्या, सरकी काढणाऱ्या रेच्यासमोर उभे राहा, मिस्त्रीला विचारा, वहीत रेखाटा, माप घ्या, फोटो काढा. जुनी यंत्रं भंगारात चालली आहेत, आणि ती गेली की हे शिक्षणही जाईल. वाफेच्या त्या इंजिनाचा एकेक सांधा ठाऊक असणारी माणसं आता थकली आहेत, त्यांच्याशी बोलून घ्या. आणि तुमचं यान पुरं होत आलं की घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलीला, मुलाला हाक मारा, हातात एक सुटा पुर्जा द्या, आणि तो कुठे लावायचा हे त्यांनाच ठरवू द्या. फक्त एवढं विचारा: याचं काम काय?